गाभा हातात आला की झाडावर राहिला?

(या वेळी बेऱ्यांबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. सुट्टीत आम्ही घरचे सगळे एका शेतावर बेऱ्या तोडायला गेलो होतो. डबा घ्यायचा, हवं तेवढं तोडायचं आणि निघताना वजन करून पैसे द्यायचे, अशी तिथली पद्धत. रास्पबेरीच्या ओळी संपल्या, तिथे कुंपणाकडेला तारांवर चढवलेले काटेरी वेल होते. पाटी नव्हती. त्यांना लागलेलं फळ रास्पबेरीपेक्षा चांगलंच लांब आणि टोकाकडे निमुळतं होतं. रंग लाल म्हणावा तर जांभळट, जांभळा म्हणावा तर लालसर. रास्पबेरीसारखं चिमटीत धरून ओढलं तर सुटेना, जोर लावला तर हातात लगदा. शेवटी देठाशी पिरगाळल्यावर निघालं. चव रास्पबेरीची, पण मागून काहीतरी उग्र. शेजारच्या ब्लॅकबेरीच्या ओळीत अजून सगळी हिरवी फळं होती. आमचे दीर ठामपणे म्हणाले, "ही अर्धी कच्ची ब्लॅकबेरी आहे." जाऊबाई म्हणाल्या, "रास्पबेरीचीच मोठी जात." मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तर दर वेळी वेगळं नाव. उभं कापलेल्या फळाचा फोटो सोबत पाठवते आहे. हे कोणतं फळ? आणि इतकं चविष्ट असून दुकानात कधीच कसं दिसलं नाही?

उत्तर : दीर आणि जाऊबाई, दोघांनाही निम्मे निम्मे गुण. फळ दोघांच्याही बाजूचं आहे. रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी यांच्या संकरातून तयार झालेली ही टेबेरी.

कापलेल्या फळाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण मोबाईलला बाहेरचा रंग दिसतो आणि या कुळात रंगावर विसंबलात की फसलात. बघायचा असतो तो गाभा. रास्पबेरी काय किंवा ब्लॅकबेरी काय, दोन्ही घोसफळं. एकाच फुलातल्या अनेक बीजांडकोशांपासून झालेले रसाळ मणी एका पांढरट शंकूभोवती दाटीने बसलेले असतात. हा शंकू म्हणजे फुलाचं पुष्पासन. रास्पबेरी पिकली की मणी आणि शंकू यांच्यामधला सांधा सुटतो. फळ टोपीसारखं निघून हातात येतं आणि शंकू झाडावर राहतो, म्हणून ती आतून पोकळ. ब्लॅकबेरीत हा सांधा सुटतच नाही. ती तुटते शंकूच्या खाली, देठाशी, आणि शंकू फळाबरोबर येतो.

तुमच्या फोटोत पांढरट गाभा देठापासून जवळजवळ टोकापर्यंत गेलेला दिसतो आणि मणी त्याला घट्ट चिकटलेले आहेत. म्हणजे जाऊबाईंची रास्पबेरी बाद. शेजारी ब्लॅकबेरी हिरव्या असताना हे फळ पिकून मऊ झालेलं होतं, म्हणजे दिरांची कच्ची ब्लॅकबेरीही बाद. कच्ची ब्लॅकबेरी लाल असते हे खरं, पण ती टणक आणि दात आंबवणारी. हातात लगदा होईल इतकी मऊ ती नसते.

आता संकरित फळांतली निवड. या गटात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात: लोगनबेरी, बॉयसनबेरी आणि टेबेरी. तिघींतही ब्लॅकबेरीचं रक्त आहे आणि तिघींचाही गाभा फळातच राहतो, त्यामुळे इथून पुढे आकार, रंग आणि चव यांवर जावं लागतं. लोगनबेरी मंद, गडद लाल असते आणि पिकल्यावरही बरीच आंबट. बॉयसनबेरी जाड मण्यांची, आखूड, काळपट किरमिजी, वर राखाडी झाक. टेबेरी लांब, निमुळती, जांभळट लाल, चार सेंटीमीटरपर्यंत जाणारी. लोगनबेरीपेक्षा गोड आणि वासाला सुरेख. हंगाम रास्पबेरीच्या आसपासचा, ब्लॅकबेरीच्या आधीचा. तुमच्या पत्रातली प्रत्येक खूण हिच्याशी जुळते. "मागून काहीतरी उग्र" हे तुम्ही फार अचूक टिपलं आहे, तो ब्लॅकबेरीचा वाटा.

या फळाची वंशावळ मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती एका अपघातापासून सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रुझ इथे जेम्स हार्वी लोगन नावाचे एक न्यायाधीश होते. न्यायदानातून वेळ काढून बाग करायचे. १८८१च्या सुमारास त्यांना ब्लॅकबेरीची चांगली जात काढायची होती, म्हणून त्यांनी ब्लॅकबेरीच्या दोन जाती शेजारी शेजारी लावल्या. जवळच रेड अँटवर्प नावाची जुनी रास्पबेरी होती. मधमाशांनी न्यायाधीशांचा बेत काही विचारात घेतला नाही. बिया पेरल्यावर उगवलेल्या रोपांत एक रोप भलतंच निघालं, फळ लाल आणि बांधा ब्लॅकबेरीचा. तीच लोगनबेरी.

बॉयसनबेरीची गोष्टही कॅलिफोर्नियातलीच, १९२०च्या दशकातली. रुडॉल्फ बॉयसन यांनी केलेली लागवड त्यांनी सोडून दिली होती. अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज डॅरो आणि शेतकरी वॉल्टर नॉट यांनी तणांत गाडली गेलेली ती रोपं शोधून काढली आणि नॉट यांनी ती वाढवून बाजारात आणली. यात लोगनबेरीचाही अंश आहे असं मानलं जातं. मला यातली मजा अशी वाटते की चांगली जात निर्माण करण्यापेक्षा ती कोणीतरी ओळखणं जास्त अवघड असतं. बॉयसन यांच्या हातात फळ होतं, पण पारख नॉट यांच्याकडे होती.

टेबेरीचा जन्म मात्र ठरवून झालेला. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ इन्व्हरगाउरी इथल्या पीक संशोधन संस्थेत डेरेक जेनिंग्ज यांनी ऑरोरा ही ओरेगॉनची ब्लॅकबेरी घेतली आणि तिचा संकर एका खास रास्पबेरीशी केला. खास अशासाठी की साध्या रास्पबेरीत १४ गुणसूत्रं असतात, हिच्यात दुप्पट म्हणजे २८ होती. गुणसूत्रांचा हिशेब जमला नाही तर असा संकर वांझ निघतो, फुलं येतात आणि फळ धरत नाही. इथे तो जमला. टेबेरीत ४२ गुणसूत्रं आहेत, त्यातली १४ रास्पबेरीकडून (पालक आपली निम्मीच देतो) आणि २८ ब्लॅकबेरीकडून. म्हणजे वारशात ब्लॅकबेरीचा हिस्सा मोठा, तरी चवीत रास्पबेरी पुढे. १९७९ मध्ये ही जात बाहेर आली आणि तिथल्या टे नदीवरून तिचं नाव पडलं.

मग दुकानात का दिसत नाही? याचं उत्तर तुमच्या डब्याच्या तळाशी जो रस साठला असेल, त्यात आहे. (तुम्ही लिहिलं नाहीत, पण साठला असणारच!) फळ पिकलं की मऊ, आणि मऊ असूनही देठ सोडायला तयार नाही, म्हणजे यंत्राने तोडणी करता येत नाही. हाताने तोडायची तर काटे. तोडून पेटीत भरली तर वरच्या फळाच्या वजनाने खालचं फुटतं. व्यापाऱ्याला हवं असतं ते आठवडाभर टपरीत, ट्रकमध्ये, शीतगृहात तोंड वर करून बसणारं फळ, आणि आपण दुकानात जे खातो ते चवीसाठी निवडलेलं असतं असं समजायचं काही कारण नाही. टेबेरी त्या परीक्षेत पहिल्याच पेपरला नापास. म्हणून ती परसात, हौशी लोकांच्या बागेत आणि तुम्ही गेलात तसल्या शेतांवर कुंपणाकडेलाच भेटते. शेतमालकाने पाटी लावली नाही, कारण बहुधा त्याच्या दृष्टीने ते विकायचं पीकच नसावं, घरच्या जॅमपुरतं लावलेलं असावं. पुढच्या वेळी त्यालाच विचारा. असे लोक फळाबद्दल विचारलं की खुलतात.

आणि तोडताना एवढं सांभाळा. उठून दिसणारं लालभडक फळ घेऊ नका, ते आंबट लागेल. किरमिजी-जांभळट झालेलं, चकाकी थोडी मावळलेलं फळ शोधा. तळहात खाली धरा, अंगठा आणि दोन बोटं देठाजवळ न्या आणि हलकेच वळवा. फळ दाबायचं नाही, वळवायचं. डबा खोल नको, पसरट हवा, दोन थरांच्या वर तिसरा रचू नये. खायच्या वेळेपर्यंत धुवायचं नाही. जास्त झाली तर ताटात सुटी सुटी पसरून गोठवा आणि दगडासारखी झाली की मग पिशवीत भरा. थेट पिशवीत कोंबलीत तर नंतर सुरीने फोडत बसावं लागेल.

प्रश्न : बेरीच्या शेतावर "हायब्रिड" अशी पाटी असलेली फळं होती. आम्ही ती मुलांना खाऊ दिली नाहीत. प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं फळ कशाला द्यायचं? आमचं चुकलं का?

उत्तर : मुलांनी बिचाऱ्यांनी एक चांगली मेजवानी गमावली! संकर आणि जनुकीय बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकरात एका जातीच्या फुलातले पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर जातात, मग ते मधमाशीने नेले काय किंवा माणसाने ब्रशने नेले काय. पुढचं काम फूल स्वतः करतं. जनुकीय बदलात प्रयोगशाळेत विशिष्ट जनुक उचलून पेशीत बसवलं जातं किंवा आहे त्यात फेरफार केला जातो. टेबेरी, लोगनबेरी, बॉयसनबेरी या पहिल्या प्रकारच्या.

आणि पालकहो, मुलांना स्ट्रॉबेरी देता ना? तीही संकरितच. १७१४ साली अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीच्या किनाऱ्याची टेहळणी करून परतला. येताना त्याने तिथल्या मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं आणली. फ्रान्समध्ये ती जगली, फुलली, पण फळ धरेना. कारण त्या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि मोठी फळं लागलेली झाडं बघून आणलेली ती रोपं सगळी मादी निघाली. पुढे ती उत्तर अमेरिकेतून आलेल्या व्हर्जिनियाच्या स्ट्रॉबेरीशेजारी लावली गेली, तेव्हा कुठे फळं आली. त्या फळांच्या बियांतून उगवली ती आजची बागायती स्ट्रॉबेरी. आंत्वान निकोला द्युशेन या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हे कोडं उलगडून लिहिलं. म्हणजे दोन अमेरिका खंडांतल्या दोन जाती भेटल्या त्या युरोपातल्या एका वाफ्यात, आणि भेट घडवली एका हेराने. आपण गेली अडीचशे वर्षं ते संकरित फळ निर्धास्त खातो आहोत.

फळ संकरित आहे का, यापेक्षा त्याच्यावर औषध कधी फवारलं होतं हे शेतावर विचारणं केव्हाही शहाणपणाचं.

प्रश्न : मला अशाच एका संकरित बेरीच्या (टेबेरी, असं शेतावर सांगितलं) बिया मिळाल्या. टिशूपेपरवर सुकवून ठेवल्या आहेत. आमच्याकडे हिवाळा कडक असतो. पेरल्या तर टेबेरी येईल का?

उत्तर : काहीतरी येईल. टेबेरीच येईल याची हमी नाही. संकरित झाडाच्या बीत आई-वडिलांचे गुण पुन्हा नव्याने पिसले जातात, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं, आणि बहुतेक रोपं मूळ झाडापेक्षा डावी असतात. शिवाय बी कठीण कवचाची, ओलसर थंडीत काही महिने काढल्याशिवाय सहसा रुजत नाही. प्रयोग म्हणून करायचं असेल तर जरूर करा, न्यायाधीश लोगन यांनी दुसरं काय केलं? पण टेबेरीच हवी असेल तर झाडाचाच तुकडा हवा.

त्यासाठी या वेलांनी आपली सोय करून ठेवली आहे. उन्हाळा सरत आला की नवी लांब काडी कमान करून जमिनीकडे वाकते. तिचा शेंडा चार बोटं मातीत पुरा, वर दगड ठेवा आणि विसरून जा. शेंड्याला मुळं फुटतात आणि वसंतात तो जुन्या काडीपासून तोडून वेगळा लावता येतो. हे दाब कलमच. ओळखीत कोणाकडे वेल असेल तर एवढी एक काडी मागून घ्या. टेबेरीवर पेटंट होतं, पण त्याची मुदत केव्हाच उलटून गेली, तेव्हा संकोचाचं कारण नाही. काट्यांचा त्रास नको असेल तर बकिंगहॅम नावाची बिनकाट्यांची टेबेरीही रोपवाटिकांत मिळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या वेलांची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. नवशिका माळी हिवाळ्यात साफसफाईच्या उत्साहात सगळ्याच काड्या छाटतो आणि पुढच्या हंगामात "झाड फळत नाही" म्हणून मला पत्र लिहितो. फळून गेलेल्या तेवढ्याच काड्या तळाशी कापायच्या. हिरव्या, नव्या काड्या तारेला बांधून ठेवायच्या, पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावर आहे.

प्रश्न : मण्यामण्यांचं फळ कधीच विषारी नसतं, असं एका मित्राने सांगितलं. रानात फिरताना हा नियम वापरावा का?

उत्तर : मित्राला म्हणावं, बहुतेक वेळा तुझं खरं असतं, पण विषाच्या बाबतीत "बहुतेक वेळा" पुरत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांत गोल्डनसील नावाची बुटकी वनस्पती सापडते. तिला अगदी रास्पबेरीसारखं दिसणारं एकच लाल फळ पानाच्या वर येतं, आणि ते खायचं नसतं. फरक फळात शोधू नका, झाडात शोधा. रास्पबेरी-ब्लॅकबेरीच्या काड्या लांब, बहुधा काटेरी किंवा लवदार, पानं तीन-पाच पर्णिकांची आणि फळं घोसाने. बुटक्या, मऊ देठाच्या झाडावर एकटंच फळ दिसलं तर हात लावायचा नाही.

"पक्षी खातात म्हणजे चालतं" हा दुसरा नियमही सोडून द्या. बेलाडोनाची काळी चकचकीत फळं पक्षी आरामात खातात, माणसाला ती जीवघेणी आहेत. शंका असेल तिथे जाणत्या माणसाला झाड दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शेतावर लावलेल्या ओळीतलं फळ आणि रानातलं फळ यांना एकच धाडस लावू नका.

प्रश्न : काळ्या करंटच्या झुडपांशेजारी करंटच्या दुप्पट आकाराची काळी फळं लागलेलं एक बिनकाट्याचं झुडूप होतं. चव करंट आणि गूजबेरी यांच्या मधली. तीही टेबेरीच्या नात्यातली का?

उत्तर : नाही, ते घराणंच वेगळं. ती जोस्टाबेरी, काळा करंट आणि गूजबेरी यांचा संकर. एकोणिसाव्या शतकापासून लोक ही जोडी जुळवायला बघत होते, पण संतती वांझ निघायची. जर्मनीत गुणसूत्रं दुप्पट करून ती अडचण सोडवली गेली आणि १९७७ मध्ये जात बाजारात आली. करंटपेक्षा सौम्य, काटे नाहीत, झाड दांडगं. फळं मात्र एकदम पिकत नाहीत, त्यामुळे एकाच झुडपाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

प्रश्न : टेबेरीचा आतला पांढरा गाभा खायचा की काढून टाकायचा? आणि जॅम नीट जमेल का?

उत्तर : गाभा खायचा. पिकलेल्या फळात तो मऊ असतो, काढायला गेलात तर अर्धं फळ बोटांनाच लागेल. जॅम उत्तम होतो, पण नुसती पूर्ण पिकलेली फळं घेतलीत तर पातळ राहण्याची शक्यता जास्त. कच्चटपणात जॅम घट्ट करणारं पेक्टिन अधिक असतं, म्हणून चार भागांतला एक भाग जरा लालसर, कमी पिकलेली फळं घाला आणि थोडा लिंबाचा रस. बिया दातात येतात म्हणून कुरकुर करणारं कोणी घरात असेल तर अर्धा गर शिजल्यावर चाळणीतून घासून घ्या, सगळा नको.